स्वस्थ बसण्याची स्पर्धा

दुकानात गिऱ्हाईक शिरलं तेव्हा नळवाले कमोडवर बसले होते. कमोड विक्रीचा होता, झाकण लावलेलं होतं आणि नळवाल्यांच्या अंगावर सगळे कपडे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काचेजवळच्या चौथऱ्यावर ते पाठ ताठ करून, हनुवटी उचलून, दोन्ही मुठी पोटापुढे धरून बसले होते आणि समोरच्या भिंतीवरच्या शॉवरकडे एकटक बघत होते.

"याची किंमत काय हो?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"आतल्या माणसाला विचारा," नळवाले मान न वळवता म्हणाले. "मला हलता येत नाही."

गिऱ्हाइकाच्या बायकोने त्या कमोडकडे नव्याने पाहिलं आणि नवऱ्याचा हात धरला. "चला इथून. माणसं अडकून बसतायत."

नळवाल्यांना हे ऐकू आलं, पण ते हलले नाहीत. रविवारी स्पर्धा होती आणि तीत त्यांना स्वस्थ बसायचं होतं. घोड्यावर.

या स्पर्धेला ड्रेसाज म्हणतात. तीत शर्यत नसते, उड्या नसतात, कुणी कुणाच्या पुढे जात नाही. आखलेल्या रिंगणात, कडेला लावलेल्या अक्षरांच्या पाट्यांमधून घोड्याला चालवायचं, दुडकवायचं, वळवायचं आणि थांबवायचं. शिवाय हे सगळं घोडा आपल्याच मर्जीने करतोय, वरचा माणूस नुसता सोबतीला आलाय, असं दिसायला हवं. बघणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड आहे? नळवाल्यांनाही तसंच वाटलं होतं.

ते मुळात घोडेस्वारीच्या शाळेत नळ बसवायला गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या शिक्षिकेला सगळे मॅडम म्हणत आणि तिच्या घोड्याला साहेब. मॅडमनी साहेबांवर बसून जिंकण्यासारखं होतं ते सगळं जिंकलं होतं. मग त्यांचे गुडघे गेले. साहेबांचं मात्र सगळं शाबूत होतं, आणि तबेल्यात त्यांच्याशी एकवचनात बोलायची कुणाची छाती नव्हती.

नळ कुठे बसवायचा हे दाखवायला नळवाल्यांनी हात वर केला, तर साहेब अदबीने एक पाऊल बाजूला झाले. नळवाल्यांनी दुसरीकडे हात केला. साहेब तिकडे सरकले. घरी बायको ऐकत नव्हती, दुकानात गिऱ्हाईक ऐकत नव्हतं आणि नळ तर कुणाचंच ऐकत नाहीत. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपलं ऐकलं, या जाणिवेने नळवाल्यांचा ऊर भरून आला.

"मॅडम, हा घोडा मला विकत द्या," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "विकायचाच आहे. उभे राहून राहून कंटाळलेत साहेब. पण एक अट. हंगामातल्या पहिल्या स्पर्धेत उतरायचं, नवशिक्यांच्या गटात. मी बघायला येणार. आता नवा नियम आलाय. घोड्याला त्रास होताना दिसला की जनावरांच्या डॉक्टर शिटी वाजवतात आणि स्वाराला खाली उतरवतात. ती शिटी वाजली, तर साहेब त्याच संध्याकाळी माझ्याकडे परत. चालेल?"

"चालेल की!" नळवाले म्हणाले. त्यांनी आयुष्यभर नळांची गॅरंटी दिली होती. गॅरंटी देताना त्यांना कधीच भीती वाटत नसे.

घरी बातमी सांगितल्यावर बायकोने हातातली उत्तरपत्रिका खाली ठेवली. ती शाळेत शिक्षिका होती. तिच्या वर्गात छडी नव्हती आणि आरडाओरडाही नव्हता. डावी भुवई जराशी वर गेली की मागच्या बाकापर्यंत चिडीचूप व्हायचं.

"घोडा?" ती म्हणाली. "अहो, तुम्हाला खुर्चीवर धड बसता येत नाही. त्या बिचाऱ्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

यात तथ्य होतं. नळवाल्यांना पाय हलवायची सवय होती. जेवताना त्यांच्यामुळे टेबल हलायचं, सिनेमाला गेले की अख्खी रांग हलायची. लग्न ठरवायला गेले तेव्हाही त्यांचा पाय असा काही हलत होता की सासऱ्यांनी दोनदा पंखा बंद करून पाहिला होता.

पहिल्याच दिवशी मॅडमनी त्यांना साहेबांवर बसवलं आणि नळवाल्यांचा पाय हलायला लागला. साहेबांनी कान मागे वळवले, क्षणभर विचार केला आणि जागच्या जागी दुडकायला सुरुवात केली. गुडघे उचलून, मान वाकवून, एक इंचही पुढे न जाता.

"अहो, हे काय करतायत?" नळवाले ओरडले.

"तुम्ही सांगितलंत तेच. हे शिकायला घोड्यांना वर्षं लागतात. तुम्ही पाय हलवून मागताय."

"मी काहीच मागितलं नाही!" असं म्हणून मॅडमकडे बघायला नळवाले एका अंगाला झुकले. साहेब त्या अंगाला तिरके चालू लागले. घाबरून त्यांनी लगाम ओढला, साहेब थांबले. पडू नये म्हणून त्यांनी टाचा आवळल्या, साहेब निघाले. मग टाचा आणि लगाम दोन्ही एकदमच झालं, तेव्हा साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एकाच पाकिटातून दोन उलटे हुकूम आलेल्या जुन्या कारकुनाचा चेहरा असावा तसा तो चेहरा होता.

"पण मी तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही!"

"तुमचं बूड बोलतंय ना," मॅडम म्हणाल्या. "मघापासून नुसती बडबड चाललीय त्याची. आणि साहेब एकूण एक शब्द ऐकतात. इथं एकच गोष्ट शिकायची आहे, काही न करण्याची. तुम्ही काही करू नका, हात जोडते."

कुंपणाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बायको उत्तरपत्रिका तपासत बसली होती. तिने मान वर केली नाही. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, "त्याच्या तोंडात लोखंड आहे आणि दुसरं टोक तुमच्या हातात. जरा लाज बाळगा."

ते वाक्य नळवाल्यांना लागलं. रात्रभर त्यांना झोप आली नाही, आणि झोप न आल्यामुळे पलंग हलत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. जेवताना बायको त्यांच्या गुडघ्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवू लागली. दुकानात ते कमोडवर बसू लागले, कारण उंची खोगिरासारखी नसली तरी बैठक जवळपास तशीच होती. हळूहळू पाय थांबले. पण थांबलेली हालचाल कुठेतरी जायला हवी. ती बोटांत गेली, आणि ते गल्ल्यावर ताल धरू लागले. बोटांना जाड हातमोजे घातले तर ती खांद्यांत गेली. दुकानातला माणूस म्हणाला, "शेठ, हा गळका पाइप आहे. इथं बूच मारलं की तिथं फुटणार." नळवाल्यांनी त्याला झापलं, पण धंद्यातली गोष्ट असल्यामुळे त्यांना ती पटली.

संध्याकाळी मात्र ते तबेल्यात जात, साहेबांना खरारा करत आणि त्यांच्याशी बोलत. कमोडपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळं सांगत. साहेब ऐकत. घोड्याला आपण आवडतो की नाही हे नळवाल्यांना कळत नव्हतं, पण साहेब परत गेले तर आपल्याला करमणार नाही, हे पक्कं कळलं होतं.

रविवारी सकाळी रिंगणाभोवती बऱ्यापैकी गर्दी होती. एका बाजूला परीक्षक, कोपऱ्यात जनावरांच्या डॉक्टरबाई गळ्यात शिटी अडकवून. मॅडम काठी टेकून डॉक्टरबाईंच्या शेजारीच बसल्या. बायकोने कुंपणालगत आपली खुर्ची मांडली.

नळवाल्यांनी पूर्ण बंदोबस्त केला होता. बूट इतके घट्ट की पायाची नस हलू नये, हातमोजे, वरून कडक इस्त्रीचा कोट. अंगातली सगळी हालचाल चारी बाजूंनी कोंडली गेली. रिंगणात शिरून त्यांनी परीक्षकांना मान लववली, मान वर केली, आणि त्यांना उचकी लागली.

पहिल्या उचकीला ते खोगिरावर किंचित उडाले. साहेबांनी कान मागे घेतले. दुसऱ्या उचकीला साहेब निघाले, चालीने नाही, दौडीने. नवशिक्यांच्या परीक्षेत साधी चाल, दुडकी आणि थांबणं इतकंच होतं. पण साहेबांना वाटलं, मोठा कार्यक्रम आहे. यापुढे उचकी लागली की साहेब दौडता दौडता पुढे पडणारा पाय बदलत. उचकी, डावा पाय. उचकी, उजवा पाय. हे काम जगातले निवडक घोडे निवडक माणसांखाली करतात. प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. परीक्षकांपैकी एकाने चष्मा पुसला, दुसऱ्याने आपण चुकीच्या गटाचा कागद तर घेतला नाही ना, हे तपासलं.

साहेबांचे पाय सुंदर पडत होते, पण वर नळवाले पोत्यासारखे आदळत होते, आणि उचकी आली की हात उडायचे, हात उडाले की लगाम ओढला जायचा. टाळ्या वाजवणाऱ्यांना पाय दिसत होते. नळवाल्यांना मान दिसत होती. लगाम ओढला गेला की ती मान आखडायची, आणि कान मागे वळून वळून विचारायचे, आता काय करू? अजून काय करू? एकाही झटक्याला साहेब नाही म्हणाले नाहीत.

नळवाल्यांना भयंकर वाईट वाटलं. ज्याने आपलं ऐकलं, त्यालाच आपण ऐकण्याची शिक्षा देतोय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी शिटी तोंडात धरली होती आणि छातीत हवा भरून घेतली होती.

"माफ करा... हिक्... साहेब," नळवाले म्हणाले आणि खाली उतरले.

उतरणं देखणं नव्हतं. एक पाय रिकिबीत अडकला आणि थोडा वेळ ते त्या पायावर लंगडी घालत होते. पण ते उतरले. डॉक्टरबाईंचे गाल फुगलेले होते आणि आता पाठीवर कुणीच नसलेल्या घोड्याला त्रास होतोय असं म्हणता येईना. त्यांनी ती हवा गिळली.

परीक्षेच्या मध्येच उतरलेला स्वार बाद होतो. नळवाल्यांनी परीक्षकांना हात जोडले, लगाम सैल धरला आणि बाहेरची वाट धरली. साहेबांनी धरली नाही. परीक्षा अर्धवट टाकून जायची त्यांना सवय नव्हती. मान सैल सोडून ते शांतपणे पुढच्या पाटीकडे निघाले, आणि लगाम हातात असल्यामुळे नळवालेही निघाले. साहेब दुडकले, नळवाले धावले. साहेबांनी गोल घेतला, नळवाल्यांनी त्याहून मोठा गोल घेतला. शेवटी साहेब रिंगणाच्या बरोबर मध्यावर, चारी पाय सारखे टेकवून, चौरस उभे राहिले आणि त्यांनी मान लववली. नळवालेही वाकले, पण ते धाप लागल्यामुळे. उचकी थांबली होती.

परीक्षकांनी शेरा दिला, तो असा: "स्वार बाद. घोडा उत्तम. स्वार खाली उतरल्यानंतर दोघांचा मेळ विशेष सुधारला."

मॅडम काठी टेकत आल्या. त्यांनी आधी साहेबांचं तोंड उघडून पाहिलं, लगामाच्या लोखंडी कडीखाली बोट फिरवलं, पाठीवरून हात फिरवला. नळवाले खाली मान घालून उभे होते.

"शिटी वाजली नाही," मॅडम म्हणाल्या.

"वाजणार होती," नळवाले म्हणाले. त्यांना गप्प बसून चाललं असतं, पण गप्प बसणं त्यांना जमत नव्हतं.

"वाजणार होती आणि वाजली यात फरक आहे. माझ्याकडे पुष्कळ स्वार शिकले, पण घोड्याची माफी मागून उतरलेला पहिलाच पाहिला. साहेब तुमचे." मग त्यांनी आवाज चढवला. "पण परत वर बसलात तर ही काठी घालीन. आता यांच्यावर बसायचं कुणी, तेवढं ठरवा."

तेवढ्यात साहेब कुंपणापाशी जाऊन नळवाल्यांच्या बायकोच्या पिशवीचा बंद चघळू लागले होते. बायको सकाळपासून त्याच खुर्चीत बसली होती. पाठ ताठ, खांदे सैल, हात मांडीवर. रिंगणात एवढा गोंधळ झाला तरी तिचा पदर हलला नव्हता. पिशवी ओढली गेली तेव्हा तिने फक्त डावी भुवई जराशी वर केली.

साहेबांनी बंद सोडला, दोन पावलं सरळ मागे घेतली आणि चौरस उभे राहिले.

मॅडमनी तिच्या पावलांकडे पाहिलं. "बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या मापाचे बूट मिळतील माझ्याकडे."

"मी? छे हो," बायको म्हणाली. पण भुवई खाली आली नाही.

पुढच्या हंगामात त्याच रिंगणात, नवशिक्यांच्याच गटात साहेब उतरले. वर बायको होती. साहेब चालले, दुडकले, वळले, आणि बायको काही करताना दिसली नाही. तिच्या हातातला लगाम ओल्या दोरीसारखा सैल होता. साहेबांचे कान पुढे होते. परीक्षक कागदावर भराभर काहीतरी चांगलं लिहीत होते. सगळं मैदान चिडीचूप होतं.

कुंपणालगत, त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, नळवाले बसले होते. त्यांच्या पायात साध्या चपला होत्या, हातमोजे नव्हते, कोट नव्हता. त्यांना अभिमानाने भरून आलं होतं, त्यामुळे खुर्ची हलत होती, खुर्चीमुळे कुंपण हलत होतं, आणि कुंपणाबरोबर त्यावर लावलेल्या अक्षरांच्या पाट्या खडखडत होत्या.

शिटी वाजली. त्या दिवसातली ती एकच शिटी. डॉक्टरबाईंचं बोट सरळ नळवाल्यांकडे होतं.

"अहो काका, घोड्याला त्रास होतोय!"

रिंगणाच्या मध्यावर साहेब थांबले. त्यांनी मान वळवली, बायकोनेही वळवली, आणि दोघांनी एकाच वेळी, एकाच नजरेने नळवाल्यांकडे पाहिलं.

पाय थांबला.