तीन पुरावे आणि एक पातेलं

हे मी लिहीत नाहीये, सांगतोय. लिहून घ्यायचं काम आमची बिट्टी करतेय. (का, ते पुढे येईलच. सध्या माझे दोन्ही हात गुंतलेले आहेत एवढंच समजा.)

झालं काय, की बिट्टी शाळेतून आली ती तोंड पाडूनच. बाईंनी वर्गाचे गट पाडले होते आणि प्रत्येक गटाला ‘सणांमधल्या विस्मरणात गेलेल्या प्रथा’ इंटरनेटवरून शोधायला सांगितल्या होत्या. माहिती शोधायची, मांडायची आणि सगळ्या पालकांसमोर सभागृहात माइकवर सांगायची. माइकवर कोण बोलणार यासाठी गटात चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकं हिचंच नाव निघालं.

आता बिट्टीचं असं आहे, की घरात ती बोलायला लागली की आम्हाला टीव्ही बंद करावा लागतो. पण वर्गात उभी राहिली की तिचा आवाज कुठे जातो कोण जाणे. ‘जरा मोठ्याने बोलावे’ हा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात कायमचा मुक्कामाला आहे.

“बाबा, सगळे हसले तर?”

“खरं सांगणाऱ्याला कोण हसेल?” मी म्हटलं. “माहिती पक्की असली ना, की आवाज आपोआप मोठा होतो.”

इथे मी थांबायला हवं होतं. पण पोरीचे डोळे भरून आले होते आणि तिचे डोळे भरले की माझी जीभ सुटते. मी म्हणून बसलो, “पक्की माहिती शोधून द्यायचं माझ्याकडे लागलं.”

बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी घरातलं एखादं काम अंगावर घेतलं की ती अशीच बघते आणि मग महत्त्वाच्या वस्तू उचलून ठेवते.

तिला माझी किंमत नाही, पण आमच्या ऑफिसात आहे. मी पडताळणी विभागात कारकून आहे. लोकांनी जोडलेले कागद एकमेकांशी जुळतात की नाही, ते बघायचं. आमचा नियम साधा आहे. तीन कागदांवर एकच गोष्ट सापडली की ती खरी. (समोर माणूस जिवंत उभा असला तरी आम्ही तो जिवंत असल्याचे तीन पुरावे मागतो. माणसाचं काय, तो काहीही सांगेल.)

सुट्टीच्या दिवशी बिट्टीचा गट आमच्याकडे जमला. मुलं संगणकाभोवती बसली, मी मधोमध. आधी त्यांना तासभर पुराव्याचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यात दोघं पेंगली. मग शोध सुरू केला आणि थोड्याच वेळात असं काही हाती लागलं, की पेंगणारी मुलंही उठून बसली. मी मोठ्याने वाचलं:

“सणाच्या पूर्वसंध्येला कुटुंबप्रमुख मस्तकी पात्र धारण करून उलट्या पावलांनी घरात फेऱ्या घालतो. पात्र हे अहंकाराच्या पोकळीचे प्रतीक होय. घरातील ज्येष्ठ स्त्री पात्राच्या कडेने तेल सोडते. तेल म्हणजे स्नेह. सून मागोमाग झाडू घेऊन त्याची पावले झाडत जाते, जेणेकरून दारिद्र्य घराबाहेर पडावे. या वेळी कुटुंबप्रमुख पात्राच्या आतून एका प्राचीन, आता कोणालाही न समजणाऱ्या भाषेत मंत्रोच्चार करतो.”

मला अक्षरशः भरून आलं. काय एकेक माणसं होऊन गेली, आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही.

“मी जन्मभर सण करत आले,” आई कोपऱ्यातून म्हणाली, “पण हे कधी ऐकलं नाही.”

“आई, म्हणून तर त्याला विस्मरणात गेलेली प्रथा म्हणतात.”

“ते असेल. पण ते तेलाचं मला कुठेतरी ओळखीचं वाटतंय.”

“बघा,” मी मुलांकडे वळून म्हणालो, “आजीच्या मनाच्या तळाशी कुठेतरी आहे. प्रथा अशा मरत नसतात.”

तरी मी नियम सोडला नाही. दुसरं संकेतस्थळ उघडलं, तिथेही तेच. तिसरं उघडलं, तिथे तर अक्षर न् अक्षर तेच. तीन कागद असे तंतोतंत जुळण्याचा योग आमच्या नोकरीत फार क्वचित येतो. (तिघांनी एकमेकांचं उतरवून घेतलं असेल, ही शंका माझ्या मनाला शिवली नाही. आम्ही फक्त जुळतं का ते बघतो.) तिसऱ्या पानाच्या तळाशी ‘मूळ चित्रफीत येथे पाहा’ असंही लिहिलं होतं. बिट्टी ती उघडायला निघाली, तर मी तिचा हात धरला.

“चित्रफिती बघून अभ्यास होत नसतो. लेखी पुरावा तो पुरावा.”

मग तालमी सुरू झाल्या. प्रात्यक्षिकासाठी पात्र हवं होतं. बायको चांगलं पातेलं द्यायला तयार नव्हती, म्हणून माळ्यावरचं एक कान तुटलेलं पातेलं काढलं. त्याचा काठही आत वळलेला होता. बिट्टी रोज आरशासमोर उभी राहून बोलायची आणि रोज तिचा आवाज थोडा थोडा वर येत होता. झोपताना मला विचारायची, “नक्की खरं आहे ना, बाबा?” मी म्हणायचो, “तीन ठिकाणी आहे.” मग ती निवांत झोपायची. खरं सांगतो, आयुष्यात माझ्या शब्दावर इतका विश्वास दुसऱ्या कोणी ठेवलेला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मी, बायको, मागच्या रांगेत आई आणि तिच्याशेजारी माझा मेहुणा. मेहुण्याला कुठेही न्या, तो फोन वर धरूनच बसतो. त्याच्या मते जे चित्रित झालं नाही ते घडलंच नाही.

बिट्टी माइकसमोर आली. पहिलं वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं, दुसरं सातव्या. गटातला एक मुलगा डोक्यावर पातेलं धरून उलटा चालला, एकीने झाडू मारला, एकीने रिकाम्या वाटीतून तेल सोडल्यासारखं केलं. अहंकाराच्या पोकळीला तर टाळ्या पडल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत चक्क कौतुक होतं. मला ते ओळखायला जरा वेळ लागला.

“फारच छान,” बाई म्हणाल्या. “आणि याला पुरावा?”

“तीन पुरावे आहेत,” बिट्टी म्हणाली. “आणि एक मूळ चित्रफीतही आहे. ती मी आत्ताच शाळेच्या संगणकावर शोधून ठेवलीय. लावू?”

पोरगी माझ्या पुढे गेली म्हणून मी खूश होऊन मान डोलावत होतो, तेवढ्यात पडद्यावर चित्र आलं. आधी एक भिंत दिसली. मग भिंतीवरचं बंद घड्याळ. आमच्याकडेही असंच घड्याळ आहे, असं मनात आलं.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “तो खिडकीचा पडदा आपला आहे.”

मग पाठमोरा कुटुंबप्रमुख उलट्या पावलांनी आत आला. मस्तकी पात्र. अंगात बनियन, आणि बनियनला डाव्या खांद्यापाशी भोक. ते भोक मी पाठ करून आहे.

“आणि ती बघ मी,” मागून आई म्हणाली. “मी म्हटलं नव्हतं, तेलाचं ओळखीचं वाटतंय?”

आता सांगतो. मागच्या वर्षी सणाआधी मी स्वतः छत रंगवायला काढलं होतं. (रंगाऱ्याला कशाला बोलवायचं, हे माझंच वाक्य.) डोक्यावर रंग गळू नये म्हणून पातेलं घातलं, ते सटकून नाकापर्यंत आलं आणि अडकलं. शिडीवरून उतरलो तर बायकोने नुकतीच फरशी पुसलेली. ती ओरडली, “तसेच मागे या, पुढे ओलं आहे.” मी मागे मागे घरभर फिरत होतो, ती झाडूने मला वळवत होती आणि पातेलं निसटावं म्हणून आई कडेने तेल सोडत होती. शेवटी मेहुण्याने हातोडी घेऊन ते काढलं. त्यात पातेल्याचा एक कान गेला आणि काठ आत वळला. हातोडी घेण्याआधी त्याने काय काय केलं होतं, ते आता पडद्यावर कळत होतं.

तेवढ्यात आवाज सुरू झाला. पातेल्याच्या आतून प्राचीन मंत्र ऐकू येऊ लागला: “अगं, कान सोड. पातेल्याचा नाही, माझा.”

सभागृह हसून हसून कोसळलं. बाईंनी तोंडावर पदर घेतला. मेहुणा मागून म्हणाला, “दाजी, मी नुसतं ‘आमच्याकडची सणाची तयारी’ असं लिहून ते इंटरनेटवर टाकलं होतं हो. पुढचं मला माहीत नाही.”

मला त्या हसण्याचं काही नव्हतं. मला हसतात याची सवय आहे. पण बिट्टी माइक धरून तशीच उभी होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. खरं सांगणाऱ्याला कोण हसेल, असं मीच तिला सांगितलं होतं.

मी उठलो आणि सरळ मंचावर गेलो. “तो मी आहे,” मी म्हटलं. “मुलांची काही चूक नाही. त्यांनी शोधलं ते जसंच्या तसं सांगितलं, खोटा ठरलो तो मी. खात्री पटत नसेल तर बघा.” आणि त्या मुलाच्या हातातलं पातेलं घेऊन मी डोक्यावर घातलं. हे करायची गरज नव्हती, हे मला पातेलं नाकावर आल्यावर कळलं. काठ आत वळलेला, त्यामुळे आत जाताना सुरेख गेलं.

अंधार झाला. लोक आणखी हसू लागले. मी मागे सरकलो आणि एक पाय मंचाच्या कडेवरून खाली लोंबकळला.

“बाबा, थांबा.”

आवाज असा घुमला, की सगळं सभागृह चिडीचूप झालं. मीही जागच्या जागी थांबलो.

“आता एक पाऊल पुढे. डावीकडे. डावीकडे म्हणजे तुमच्या डावीकडे, बाबा. पायरी आहे. हात द्या माझ्या हातात.” आणि मग लोकांना, तेवढ्याच खणखणीत आवाजात, “हसू नका, त्यांना काही दिसत नाहीये.”

शाळेच्या शिपायाने ओढून पातेलं काढलं तेव्हा बाई म्हणत होत्या, “बिट्टी, आज तुझा आवाज फाटकापर्यंत गेला असेल.” बिट्टीने माझा हात सोडला नव्हता. माझ्या नाकाला खरचटलं होतं आणि मला इतका आनंद झाला होता, की ते दुखतही नव्हतं. बायकोने रुमाल दिला. त्यात ती स्वतःही थोडी रडली होती, असं मला वाटतं.

गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण बिट्टी म्हणाली, चुकीची माहिती तशीच ठेवायची नाही. म्हणून आम्ही त्या पहिल्या संकेतस्थळाला संदेश पाठवला, की ही प्रथा नसून अपघात आहे, आणि तो गृहस्थ मीच. आज दुपारी उत्तर आलं. अगदी माझ्या भाषेत होतं, वाचून बरं वाटलं. “आपला दावा एकाच व्यक्तीच्या सांगण्यावर आधारित असल्याने मान्य करता येत नाही. चित्रफितीतील गृहस्थ आपणच असल्याचे तीन पुरावे जोडावेत. त्यात चेहरा दिसत नसल्याने, तेच पात्र व तेच वस्त्र परिधान केलेले छायाचित्र आवश्यक.”

नियम तो नियम. मी ते बनियन शोधून काढलं, पातेलं घेतलं, आणि बिट्टीने समोरून, बाजूने आणि मागून असे फोटो काढले. फोटो छान आलेत म्हणे. म्हणे अशासाठी, की मला अजून दिसलेले नाहीत. मी दोन्ही हातांनी पातेल्याचा उरलेला कान ओढतोय, आई तेल आणायला गेलीय, आणि मेहुणा हातोडी घेऊन निघालाय असा त्याचा फोन आला होता. तोवर वेळ जावा म्हणून मी ही हकिगत सांगतोय आणि बिट्टी लिहून घेतेय.

मघापासून तिची एकच तक्रार आहे. म्हणतेय, “बाबा, जरा मोठ्याने बोला ना.”