रिकाम्या गाडीची उंची

सुचेताने पिकअपभोवती एक पूर्ण चक्कर मारली, परत मिलिंदपाशी आली आणि म्हणाली, "आपल्या ड्राइव्हवेमध्ये मावेल ही. पण मग घर कुठे ठेवायचं?"

मिलिंदला हसायचा धीर झाला नाही. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्याने साउथहॅम्प्टनमध्ये लोकांच्या बागांना लाकडी कुंपणं घालून द्यायचा धंदा काढला, तेव्हा नागपूरच्या दोन्हीकडच्या मंडळींनी कपाळाला हात लावला होता. सुचेता तेवढी पाठीशी उभी राहिली होती. आता जुनी व्हॅन कायमची झोपली होती आणि सुचेताची अट एकच होती. हॉस्पिटलला जायला तिची छोटी गाडी आहेच. दुसरी येईल ती कुंपणाच्या कामालाही चालली पाहिजे आणि उन्हाळ्यात आईबाबा आले की घरालाही. तिने नाही म्हटलं की ऐन हंगामातली सगळी कामं हातची जाणार होती. म्हणून त्याने शोधून शोधून ही काढली. अमेरिकेतून आणलेली, पांढरीशुभ्र, आत दोन रांगा, मागे अंगणाएवढा हौदा आणि स्टीअरिंग डावीकडे.

मालक ग्रॅहम न्यू फॉरेस्टकडचा म्हातारा होता. शनिवारभर फिरवून बघा, संध्याकाळी सहाला आणून द्या, असं म्हणत त्याने किल्ली दिली. पसंत पडली नाही तर त्याची काही तक्रार नव्हती. फक्त ओरखडा पडला तर गाडी तुमची, एवढं त्याने शांतपणे सांगितलं. मिलिंद हसला. ग्रॅहम हसला नाही.

रस्त्याला लागल्यापासून मिलिंदची तारांबळ चालली होती. स्टीअरिंग उलट्या बाजूला असल्यामुळे त्याला उजवीकडचं काही धड दिसत नव्हतं, आणि या देशात राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, जे काही येतं ते उजवीकडूनच येतं. तो दर वेळी सुचेताला विचारायचा, "कोणी येतंय का गं?" ती मान वाकवून बघायची आणि "जा" किंवा "थांब" म्हणायची. मागे बसलेली तनिषा सातवीतली, इथेच जन्मलेली. "बाबा, ही गाडी आई चालवते की तू?" तिने विचारलं. मिलिंदने रेडिओ लावला.

त्यात त्याने सकाळीच गाडीचा फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. मंडळाचे सेक्रेटरी राजीव यांचा लगेच फोन आला. दुपारी पाडव्याचा कार्यक्रम होता, स्टेजचे ठोकळे आणि दोन अगडबंब स्पीकर हॉलवर न्यायचे होते, आणि देवासारखा धावून आलास असं ते आधीच म्हणून बसले. मिलिंदला वाटलं, झकास झालं. पुढे कुटुंब, मागे सामान, एकाच फेरीत काम आणि घर दोन्ही. सुचेताला आणखी काय दाखवायचं असतं?

हॉलचं पार्किंग तळघरात होतं. उताराच्या तोंडाशी उंच गाड्या अडवणारी पिवळी लोखंडी दांडी आडवी टांगलेली होती. तनिषा खाली उतरून बघू लागली, मिलिंदने श्वास रोखला आणि गाडी दांडीखालून नखभर अंतर राखून आत गेली. सामान उतरवलं, स्टेज लागलं, लेझीम सुरू झालं. मिलिंदने दोन वाट्या श्रीखंड खाल्लं, आणि चारच्या सुमारास खुशीत गाडी बाहेर काढायला निघाला.

दांडीपाशी तनिषा ओरडली, "स्टॉप!"

गाडीचं छत दांडीला अगदी टेकायला आलं होतं. नखभर अंतर गेलं कुठे, हे मिलिंदला कळेना. मग कळलं. येताना हौद्यात स्टेज होतं, म्हणून गाडी दबलेली होती. आता ती रिकामी झाली होती आणि रिकामी झाल्यावर उंच झाली होती.

"टायरमधली हवा थोडी सोडू," तो म्हणाला.

"आणि नंतर भरायची कशी? फुंकून?" सुचेता म्हणाली.

स्टेज परत चढवावं तर त्यावर नाटुकलं चालू होतं आणि ते रात्री आठपर्यंत संपणार नव्हतं. मिलिंदला ग्रॅहमचा न हसणारा चेहरा दिसू लागला. ओरखड्यासकट गाडी गळ्यात पडणार आणि सुचेता जन्मभर ऐकवणार, याची त्याला खात्री पटली. शेवटी त्याने राजीवना सगळं सांगितलं. राजीवनी माइकवरून जाहीर केलं की ज्यांचं वजन बऱ्यापैकी आहे त्यांनी कृपया तळघरात यावं. एकही माणूस उठला नाही. मग त्यांनी अक्कल लढवली आणि मंडळाचा ग्रुप फोटो तळघरात नव्या गाडीवर काढायचा असल्याचं सांगितलं. नऊवारी सावरत, फेटे सांभाळत अख्खं मंडळ खाली लोटलं आणि हौदा गच्च भरला.

तनिषाने वाकून पाहिलं. "अजून थोडंसं पाहिजे. एक जाडा माणूस."

सगळ्यांनी एकदम मिलिंदकडे पाहिलं.

"मी गेलो मागे, तर चालवणार कोण?" तो म्हणाला.

सुचेता डावीकडे, स्टीअरिंगपाशी जाऊन बसली. मिलिंद हौद्यात चढला, स्प्रिंग कण्हल्या आणि गाडी हलली. राजीव ओरडले, "माना खाली!" एरवी कशावरच एकमत न होणारी कार्यकारिणी एका ओळीत वाकली. मिलिंदने डोळे मिटून घेतले. त्याने कुलदैवतापासून गाडीच्या कंपनीपर्यंत सगळ्यांना हात जोडले. डोळे उघडले तेव्हा वर आकाश होतं.

मंडळ खाली उतरलं, पण सुचेता काही खाली उतरली नाही. परतीच्या वाटेवर उजवीकडे बसलेला मिलिंद प्रत्येक राउंडअबाउटला "येतंय, येतंय" म्हणत होता आणि ती "दिसतंय मला" म्हणत होती. तिने एकदाही विचारलं नाही.

ग्रॅहमने गाडीवरून सगळीकडे बोट फिरवलं. ओरखडा नव्हता. मिलिंदला रडू यायचं बाकी होतं. किल्ली परत द्यावी, एखादी साधी व्हॅन बघावी आणि घरी जाऊन झोपावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याने किल्लीसाठी सुचेतापुढे हात केला.

तिने किल्ली पर्समध्ये टाकली. "वी विल टेक इट," ती ग्रॅहमला म्हणाली. ग्रॅहम पहिल्यांदा हसला.

कामाला गाडी मिळाली हा मिलिंदचा आनंद आठवडाभर टिकला, म्हणजे गाडी नावावर होईपर्यंत. सोमवारी सकाळी सुचेता पिकअपची किल्ली घेऊन दाराशी उभी होती. "तुझ्या हातात दिली तर ओरखडा पडेल," ती म्हणाली. "मोठं काम असेल त्या दिवशी ने तू. फक्त आधी सांग, मला शिफ्ट बघावी लागेल."

मग मिलिंद तिच्या छोट्या गाडीतून कामावर निघाला. कुंपणाचे खांब मागच्या दारातून हातभर बाहेर आले होते आणि त्यांच्या टोकाला पाडव्याच्या फेट्याची लाल चिंधी बांधली होती. पहिल्याच राउंडअबाउटवर उजवीकडून एक भलीमोठी पांढरी गाडी आली. मिलिंद थांबला आणि त्याने तिला जाऊ दिलं.