बारा दात

आमच्या नालवाडीच्या गल्लीत उन्हाळा संपला की कूलरचं पाणी कोणी परस्पर फेकत नसे. आधी थूल सरांना विचारावं लागे. प्राणिशास्त्राचे हे निवृत्त मास्तर डोक्याला दुपट्टा बांधून दारोदार फिरत आणि टाकीच्या तळाचा गाळ औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेत. "याच्यात घरं राह्यतात," असं ते माझ्या बायकोला कौतुकाने सांगत. तिला तो आपल्या स्वच्छतेवरचा शेरा वाटे.

ती घरं म्हणजे अमीबाची कवचं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा जीव वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती मडकं रचतो. काही मडक्यांच्या तोंडाला दात असतात, ते मोजले की जात ओळखायला मदत होते. सूक्ष्मदर्शकाखाली मडकं आडवं पडलेलं दिसलं तर सर टाचणीने वरची काच हळूहळू सरकवत बसत. "तोंड पाह्यल्याबिगर नाव सांगू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या भाचीला आलेल्या स्थळाचा फोटो दाखवला, तोही त्यांनी हेच म्हणून परत केला. मुलगा गॉगल लावून भलतीकडे बघत होता.

जिल्ह्याच्या यादीत नसलेली एक तरी जात आपल्याला सापडावी, एवढीच त्यांची हौस. गेल्या वर्षी आंजीच्या तळ्यातल्या शेवाळात एक वेगळं मडकं मिळालं. तोवर मोतीबिंदूने त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून दात मोजायला त्यांनी मला बोलावलं. मला लग्नाला जायचं होतं, बाहेर ऑटो थांबला होता. मडकं तिरकं पडलं होतं. मी काच हलवलीच नाही. अंदाजाने सांगून टाकलं, "बारा आहेत, सर."

बारा दातांची जात यादीत नव्हती. सरांनी गल्लीभर पेढे वाटले आणि ती काच नीट बंद करून एका जाणकार बाईंकडे पाठवली. त्यांचं उत्तर आलं: दात सात आहेत, जात नेहमीचीच. मोजले कोणी?

सरांचे मेल मीच टाइप करत असे. खुर्चीत डोळे मिटून ते म्हणाले, "लिह. दात मीच मोजले. मले आता बराबर दिसत नाई. चूक माझी हाय."

मी ते शुद्ध मराठीत लिहिलं आणि पाठवलं. मधेच थांबून खरं बोलायला हवं होतं. बोललो नाही, याची लाज अजून वाटते. उलट सरांनीच मला चहा पाजला.

परवा कूलर धुवायला काढला. सवयीने कुंपणावरून विचारलं, "सर, पाणी ठेवू का?"

"फेकून दे," ते म्हणाले. "आता कोण पाह्यते?"

मी पाहतो, एवढंच म्हणायचं होतं. गाळ मी बाटलीत भरून ठेवलाय. मधे फक्त कुंपण आहे, पण ती बाटली घेऊन पलीकडे जायला मला अजून जमलेलं नाही.