पन्नास फुटांवरचं स्नेहसंमेलन

"कुणाचा एक डोळा जरी लाल झाला, तर ही गाडी मी स्वतः ढकलत भंगारवाल्याकडे नेईन!" वेणीमाधवरावांनी छातीवर हात मारून सांगितलं.

"ढकलतच न्यावी लागेल," मालतीबाई कैरी किसता किसता म्हणाल्या. "आपणहून चालते कुठे ती?"

एकाहत्तर सालचा चैत्र होता. सोलापूरचं ऊन असं, की दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. आणि त्यात डोळ्यांची साथ! भवानी पेठेत घरटी दोघं-तिघं काळे चष्मे लावून भिंती चाचपत होती. आजाऱ्याच्या डोळ्यांकडे नुसतं बघितलं तरी डोळे येतात, असं जो तो सांगे. त्यामुळे रस्त्यात जिवलग मित्र भेटले, तरी एकमेकांच्या चपलांकडे बघत बोलायचे.

अशा वेळी शहाणा माणूस घरात बसतो. पण वेणीमाधवराव हेडक्लार्क होते. जगातली कुठलीही गोष्ट नियमात बसवता येते, अशी त्यांची खात्री होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सरकारी लिलावात फिरत्या दवाखान्याची जुनी गाडी घेतली होती. रोग्याच्या बाकड्यावर गादी घातली, औषधांच्या कपाटात पोह्यांचे डबे लावले, सलाईनच्या हुकाला कंदील टांगला आणि गाडीचं नाव ठेवलं 'फिरतं घर'. बाहेरच्या लाल फुलीवर पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले होते. तरी ऊन पडलं की ती खालून डोकवायचीच.

मालतीबाई मात्र तिला घर म्हणायला तयार नव्हत्या. त्या 'ती गाडी' म्हणत, आणि 'ती' अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला सवतच आठवावी. वेणीमाधवरावांचा जीव गाडीत आणि मालतीबाईंचा राग गाडीवर, असा दोन वर्षं संसार चालला होता. एकदा तरी तिनं आपणहून गाडीत बसावं आणि 'आपलं घर' म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

सोलापुरात अशा घरवाल्या गाड्या तीन. त्यांचं मंडळही होतं. अध्यक्ष वेणीमाधवराव. उपाध्यक्ष दुधनीचे पेंडीचे व्यापारी रुद्रप्पा. त्यांच्या मेटॅडोरमध्ये गाद्या, उशा, आरसा सगळं होतं, आणि सगळ्याला शेंगदाण्याच्या पेंडीचा वास होता. चिटणीस कमलाकर, यांची ताडपत्रीवाली जीप. साधा सभासद एकही नव्हता, त्यामुळे मंडळात भांडणं फार मानाची होत.

दरवर्षी चैत्रात मंडळाचं स्नेहसंमेलन व्हायचं. यंदा साथीमुळे रुद्रप्पा म्हणाले, राहू दे. वेणीमाधवराव म्हणाले, मुळीच नाही! त्यांनी नियम केले. हिप्परग्याच्या तळ्याकाठी तीन गाड्या त्रिकोणात उभ्या करायच्या. दोन गाड्यांत पन्नास फूट अंतर, दोरीनं मोजून. खाली कुणी उतरायचं नाही. ज्याचं त्यानं खायचं. काळा चष्मा सक्तीचा. आणि बोलायला? नुकत्याच निवडणुका झाल्या होत्या. प्रचाराचे पत्र्याचे कर्णे पेठेत पडून होते, त्यातले तीन त्यांनी मागून आणले.

"कर्ण्यातून स्नेह!" ते मालतीबाईंना म्हणाले. "डोळ्याला डोळा भिडायचा प्रश्नच नाही!"

"आणि एखाद्याचे डोळे आलेच, तर गाडी भंगारात. नक्की ना?"

"नक्की!"

"मग येते मी."

वेणीमाधवरावांना आनंद आवरेना. आपल्या बोलण्याचा परिणाम झाला, असं त्यांना वाटलं. घरात चैत्रगौर बसली होती, डाळ-पन्ह्याची तयारी झाली होती, आणि साथीच्या भीतीनं पेठेतली एकही बाई हळदीकुंकवाला उंबरा चढली नव्हती, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. मालतीबाईंनी भरलेली जड पिशवी त्यांनीच खांद्यावरून गाडीत नेऊन ठेवली. आत काय आहे, हेही विचारलं नाही. नवरेच ते!

शुक्रवारी सकाळी तिन्ही गाड्या तळ्यावर पोचल्या. अंतर मोजून झालं. सगळ्यांनी काळे चष्मे चढवले, आणि संमेलन सुरू झालं.

"नमस्कार!" वेणीमाधवराव कर्ण्यातून ओरडले. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"नमस्कार की हो!" रुद्रप्पांचा कर्णा गरजला. "अध्यक्ष, तुमचं जुलाब थांबलं का?"

हिप्परग्याच्या शिवारात औत हाकणाऱ्यांनी माना वळवल्या.

"थांबले!" वेणीमाधवराव बारीक आवाजात म्हणाले. पण कर्ण्याला बारीक आवाज माहीत नसतो.

मग रुद्रप्पांच्या मल्लव्वांनी कर्णा घेतला. "मालतीबाई, कुणाला सांगू नगा, पर आमची थोरली सून गेलीया हो भांडून म्हायेराला!" मालतीबाईंनी तितक्याच गुपचूप कर्ण्यातून विचारलं, "का? सासू छळते?" त्यावर तिकडचा कर्णा धाडकन खाली आपटला. सासू मल्लव्वाच होत्या.

हे ऐकायला हळूहळू बांधावर माणसं जमली. त्यांनी काय बघितलं? पांढरी गाडी. तिच्यावर फिकट लाल फुली. काळे चष्मे लावून लांब लांब बसलेली माणसं, आणि 'जवळ येऊ नका' म्हणून कर्ण्यातून ओरडणारा एक साहेब. आणखी काय हवं होतं?

पदर डोळ्याला लावून सगळ्यात आधी दगडाबाई पुढे आल्या. गावातल्या जुन्या बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"डाक्टर, डोळं लई आल्यात बगा!"

"मागे व्हा!" वेणीमाधवराव कर्ण्यातून किंचाळले. त्या तीन हातांवर उभ्या होत्या. "मी डॉक्टर नाही!"

"आदीचा डाक्टरबी असंच म्हनायचा," दगडाबाई शांतपणे म्हणाल्या आणि आणखी एक हात पुढे सरकल्या.

"अहो बाई, ही घरची गाडी आहे!"

"घरची कशी? हीच की ती!" मागून गावचे आबासाहेब आले. त्यांचेही डोळे मिरची लागल्यासारखे. "ही गाडी दर बाजाराला हितं यायची. मग यायची बंद झाली. आमी अर्जावर अर्ज केलं. हिचा डावा दिवा आमच्या बैलानंच फोडलेला. बगा, हाय का न्हाय फुटका?"

दिवा फुटका होता.

"लई वर्सांनी आली गाडी!" आबासाहेबांनी वस्तीकडे तोंड करून हाळी दिली. "या रं! डोळ्याची गाडी आली!"

आणि गाव निघालं! बायका, बाप्ये, म्हातारी माणसं, सगळे डोळे पुशीत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आले. चिटणीस कमलाकर यांनी परिस्थितीचा विचार केला आणि जीप सुरू करून ते सोलापूरकडे निघून गेले. जाताना आपला कर्णाही विसरले.

"मालती, दार लाव!" वेणीमाधवराव ओरडले.

मागे बघतात तर मालतीबाई दार सताड उघडून पायरीवर बसलेल्या. पिशवीतून करंडा निघाला होता, अत्तरदाणी निघाली होती, गुलाबदाणी निघाली होती. पातेलंभर आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे!

"हे काय?"

"सवाष्ण दारात आलीय. ती काय तशीच परत जाईल?"

"अगं, ती दारात नाही, तळ्यावर आहे! आणि तिचे डोळे आलेत!"

"तुम्हीच म्हणता ना, हे घर आहे? मग घराला दार आहे, आणि दारात सवाष्ण आहे. चैत्राचा शुक्रवार आहे. या हो बाई."

"मालती, नियम!"

"कुंकवाला कसला नियम?"

आणि मालतीबाईंचं बोट चालू झालं. करंड्यातून दगडाबाईंच्या कपाळावर, तिथून करंड्यात, तिथून दुसरीच्या कपाळावर, मग तिसरीच्या. मधूनच घाम आला की चष्मा वर करून त्याच बोटानं डोळे पुसायचे. वेणीमाधवराव ते बोट बघत मागे मागे सरकत होते. तिकडे मल्लव्वाही आपला करंडा घेऊन मेटॅडोरमधून उतरल्या. "अय्यो, मी एकटीच काय म्हणून बसायची?" पन्नास फुटांची दोरी पन्नास बायकांच्या पायांखाली गेली.

तेवढ्यात मालतीबाईंनी गुलाबपाणी शिंपडलं. दगडाबाईंनी चेहरा वर केला होता, दोन थेंब थेट डोळ्यांत गेले.

"आगं बाई! गार पडलं गं!"

एवढं पुरे झालं. बायकांनी चेहरे वर केले. बाप्ये रांगेला लागले.

"आमास्नी न्हाय का औशद?" आबासाहेब म्हणाले.

"ते गुलाबपाणी आहे!" वेणीमाधवराव रडकुंडीला येऊन म्हणाले.

"असू द्या की. डाक्टर, आमास्नी परत धाडू नगा. लई वाट बगितली ह्या गाडीची."

आता या बोलण्याला हेडक्लार्क काय उत्तर देणार? कचेरीत असते तर 'उद्या या' म्हणाले असते. इथे आबासाहेबांनी गुलाबदाणी त्यांच्या हातात दिली आणि मान वर करून पापण्या बोटांनी ताणून धरल्या. वेणीमाधवरावांनी तोंड फिरवलं, श्वास रोखला आणि शिंपडलं. वारा तळ्याकडून होता. निम्मं पाणी त्यांच्याच तोंडावर आलं.

मग दुसरा आला. मग तिसरा. नेम चुकला की रोगी त्यांचा हात धरून आपल्या डोळ्यापाशी नेऊ लागले. "हितं डाक्टर, हितं!" रांग बांधाला वळसा घालून गेली. उपाध्यक्ष रुद्रप्पा कर्ण्यातून रांग लावत होते. "एकेक या! ढकलू नगा! डाक्टर लई हुशार हायेत, सोताचं जुलाब सोता बरं केलंय!"

वेणीमाधवरावांनी चहूकडे बघितलं. सोलापुरात साथ होती, पण इतके आलेले डोळे एका जागी कुठेच नव्हते. ते त्यांनी जमवले होते! नियम करून, दोरी मोजून, कर्ण्यातून हाका मारून! आपली अक्कल, आपली गाडी, आपली दोन वर्षांची हौस, सगळं मातीत गेलं, असं वाटून त्यांना खरंच रडू आलं. आणि रडू आल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डोळे उघडेनात. कसेबसे ते आरशापर्यंत पोचले. दोन्ही डोळे पिकल्या टोमॅटोसारखे. एरवी माणूस घाबरला असता. वेणीमाधवरावांना सुटल्यासारखं झालं. गाडी नको, संमेलन नको, तो दगडाबाईंचा वर केलेला चेहरा नको!

"मालती! झाले लाल! शब्द म्हणजे शब्द! आजच्या आज भंगारवाल्याला बोलाव!"

मालतीबाई स्वयंपाकघरातून आल्या. घरातही काळा चष्मा लावून. येताना त्यांचा खांदा चौकटीवर आपटला.

"कुठे लाल आहेत?"

"अगं, बघ की!"

"ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन? एक पापणी दुसरीला सोडत नाही! आणि तुझे कसे आहेत?"

"ठणठणीत."

"मग चष्मा काढ."

"उजेड फार आहे घरात," मालतीबाई म्हणाल्या आणि कपाट समजून खिडकी उघडली.

वेणीमाधवरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मालती, तुझेही आलेत! मीच म्हणालो होतो, एक डोळा जरी लाल झाला तर..."

"झालाच नाही, तर कशाला?" मालतीबाईंचा आवाज एकदम हळू झाला. "अहो, यंदा माझ्या दारात एक बाई आली नव्हती. गौरीपुढं मी एकटी बसून डाळ खाल्ली. आणि काल! एवढं हळदीकुंकू माझ्या जन्मात झालं नाही. डाळ पुरली नाही हो! आणि आपलं ते घर तुम्ही भंगारात घालायला निघालात?"

हा शब्द ऐकायला वेणीमाधवराव दोन वर्षं थांबले होते. आता तो आला, तर त्यांना धावत कुठेतरी लांब जावंसं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते साथीचं होतं की आणखी कशाचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पुढच्या शुक्रवारी येते म्हणून सांगितलंय बायकांना," मालतीबाई सांगत होत्या. "आणि पेंटरला निरोप धाडलाय. ती लाल फुली चांगली ठळक काढून घेऊ. लांबून ओळखता आली पाहिजे. बसा, वर बघा. दोन थेंब घालते."

"डोळे लाल नाहीत म्हणालीस ना?"

"थंडावा म्हणून."

वेणीमाधवराव मुकाट बसले. मान वर केली. दोन्ही बोटांनी पापण्या ताणून धरल्या, अगदी आबासाहेबांसारख्या. मालतीबाईंनी चष्मा सावरून नेम धरला आणि गुलाबदाणीतलं सगळं पाणी त्यांच्या नाकात ओतलं.

"पडलं का डोळ्यात?"

"पडलं," वेणीमाधवराव शिंकत म्हणाले.