शून्य अपयशाचा खटका

शाळेच्या इतिहास दालनासाठी ठासणीची बंदूक बनवावी आणि तिला विश्वासार्ह असा चकमकीचा खटका बसवावा, असा ठराव स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पुण्यातल्या एका शाळेने एकमताने मंजूर केला. एकमताने अशासाठी, की बैठक शनिवारी दुपारी होती आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. दस्ता सागवानी, नळी आतून बुजवलेली, दारूगोळा अर्थातच नाही. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटावी आणि ठिणगी पडावी, एवढीच अपेक्षा. एवढ्याशा अपेक्षेसाठी सात जणांची समिती नेमण्यात आली.

नववी ब मधल्या कमरजहांने फळ्यावरची सूचना दोनदा वाचली. शेवटची ओळ तर तिसऱ्यांदा : ‘ज्याचा खटका निवडला जाईल, त्या कारागिराच्या हस्ते व्यासपीठावर पहिला चाप ओढण्यात येईल.’

तिचे नाना, म्हणजे आईचे वडील मुनव्वर मिस्त्री, खडकीच्या लष्करी कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. तिथे काय बनतं हे विचारायचं नाही, आणि विचारलंच तर ते सांगायचे नाहीत. नानीला, सुगराबीला, लग्न झाल्यापासून एवढंच ठाऊक होतं की सकाळी डबा भरून जातो आणि संध्याकाळी रिकामा येतो. नानांच्या हातची एक तरी वस्तू घरच्यांनी बघावी, आणि तीही चारचौघांत, हे कमरच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

दीड महिना खपून नानांनी खटका घडवला. कमरने कानस चालवून स्वतःची बोटं सोलून घेतली. मग चाचणी. शंभरदा चाप ओढला. शहाण्णव वेळा ठिणगी पडली, चारदा नाही. कमरने वहीत चारही वेळा नोंदवल्या, शेजारी कारणासकट : गारगोटीची धार गेली, बदलली.

“नाना, ही चार वगळू का?”

“वगळ की. पण मग उरलेली शहाण्णव खरी कशावरून?”

कमरने नाही वगळली. इथेच घात झाला.

समितीचे अध्यक्ष यज्ञेश्वर सर. भूमिती शिकवायचे, त्यामुळे कुठलीही गोष्ट तक्त्यात बसली नाही की त्यांना ती खोटी वाटे. त्यांच्या तक्त्यानुसार विश्वासार्हता म्हणजे अपयशांची संख्या. जितकी कमी तितकी उत्तम. यशाचा रकाना नव्हता, कारण पान पुरलं नव्हतं.

“चार?” सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “ही यंत्रणा चारदा निकामी ठरली, आणि ते तू स्वतःच्या अक्षरात लिहून आणलंस?”

“पण सर, शहाण्णव वेळा—”

“त्याबद्दल कुणाची तक्रार आहे का? नाही ना? मग तो विषयच नाही. पुढचा उमेदवार.”

पुढची उमेदवार नववी अ ची नीरजा. तिने लाल मखमली पेटीतून लखलखीत पितळी खटका काढला. तिच्या मामांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या शोभेच्या बंदुकीचा.

“किती वेळा ओढून पाहिला?”

“एकदाही नाही, सर. ओढलाच जात नाही. घोडा डाख देऊन पक्का केलाय. आणि गारगोटी पण नाहीये.”

“अपयशं किती?”

“सर, मी काय सांगतेय—”

“अपयशं, नीरजा.”

“शून्य,” नीरजा म्हणाली आणि कमरकडे बघून तिने हतबल खांदे उडवले. सात माना एकदम डोलल्या. इतिवृत्तात नोंद झाली : ‘सदर यंत्रणेने आजतागायत एकदाही दगा दिलेला नसून, तसा दगा देण्याची क्षमताही तिच्यात आढळून येत नाही.’

कमर तणतणत मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंकडे गेली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अगं, तुझा खटका चालतो, हीच तर अडचण आहे. चालणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार? उद्या पोरं चाप ओढतील, ठिणगी पडेल, पालक पत्र लिहितील. पुण्यातले पालक शाळेला लिहीत नाहीत, थेट वर्तमानपत्राला लिहितात. पुढच्या वर्षी कोरी वही आण, मी स्वतः शिफारस करीन.”

आता उरला तज्ज्ञाचा दाखला. समितीने खूप शोध घेतला. तज्ज्ञ एकच निघाला, मुनव्वर मिस्त्री. कमरला वाटलं, आता बघाच! नाना आले. त्यांनी पितळी खटका उलटासुलटा केला, नखाने टिचकी मारली, पेन मागितलं आणि एकच ओळ लिहिली : ‘या खटक्यात बिघडण्यासारखे काहीही नाही.’

“नाना, तुम्ही पण?” कमरचा आवाज चिरकला.

“खोटं लिहिलंय का?”

यज्ञेश्वर सरांनी त्या ओळीला चौकट करवून घेतली.

समारंभाला खटका बंदुकीसकट काचेच्या पेटीत होता. पेटीला कुलूप होतं, आणि पितळी खटक्याचा कारागीर कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून प्रमुख पाहुण्यांनी पहिला चाप हवेत बोट वाकवून प्रतीकात्मकरीत्या ओढला. टाळ्या मात्र खऱ्या पडल्या.

कमरने फाटकाबाहेर स्टूल मांडलं, लाकडी ठोकळ्यावर नानांचा खटका बसवला आणि पाटी लावली : ‘ओढून बघा. शंभरात चारदा चुकतो.’ पहिला मान नानांचा. त्यांनी चाप ओढला. खट्ट! ठिणग्यांचा झुबका उडाला आणि नानी दोन पावलं मागे सरकली. मग पुन्हा पुढे येऊन वाकून बघत राहिली.

“अहो! बत्तीस वर्षं हेच करत होतात होय?”

“ते सांगता येणार नाही,” नाना म्हणाले. पण त्यांनी चाप नानीकडे फिरवला, आणि कमरने त्यांना इतकं फुशारून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी दालन बघायला तीनशे बारा जण आले. बाहेर पडताना प्रत्येकाने पाटी वाचली आणि ‘चारदा चुकतो’शी येऊन हात मागे घेतला. एका काकांनी विचारलं, “हा नापास झालेलाच ना?” आणि उत्तराची वाट न बघता स्कूटरला किक मारली.

अभिप्रायवही अजून शाळेत आहे. तीनशे बारा सह्या, आणि प्रत्येकीपुढे ‘अत्यंत विश्वासार्ह!’ तुम्ही मघापासून समितीला हसताय. हसणार हे ठाऊकच होतं, म्हणून कमरने परवा मुद्दाम वही उघडून पाहिली. अकरावं पान, तिसरी ओळ. अक्षर तुमचंच आहे.