चार गठ्ठे गायब

"भिमाजी, लिही. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी..."

इथे सावळाराम आबा थांबले. बुद्धी कोणत्या प्राण्याची, हे त्यांना गेल्या सहा वर्षांत ठरवता आलेलं नाही. मी त्यांचा सहायक, इतिहासात बी.ए.; जागा रिकामी सोडायची मला सवय आहे.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं काढून आबा निवृत्त झाले आणि तळेगाव ढमढेऱ्यात खासगी गुप्तहेर झाले. तेव्हा कार्डावर छापलं होतं, 'पन्नास यशस्वी केसेस'. सगळ्या केसेसना मी हजर होतो. आकडा बरोबर होता. मधल्या शब्दाबद्दल मला विचारू नये.

२००४ सालच्या त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता रजिया शेख धापा टाकत आली.

"आबा, बिगीनं चला. चार गठ्ठे गेलं!"

रजियाच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा बायका नोटिसा पाकिटांत भरायच्या, पत्ते चिकटवायच्या, पन्नासाचे गठ्ठे बांधायच्या. मग ते सगळं एकगठ्ठा टपाल कचेरीत जायचं. यंदा गिऱ्हाईक कारखान्यानं नवी टूम काढली होती : गुणवत्तेचं प्रमाणपत्र असेल त्यालाच काम, नाहीतर ते पुण्याच्या ठेकेदाराकडे. तपासणीच्या मॅडम अकराला येणार होत्या. त्यासाठी भिंतीवर इंग्रजी गुणवत्ता धोरण टांगलं होतं, जे कुणाला वाचता येत नव्हतं, आणि आगीसाठी वाळूची बादली ठेवली होती, जिच्यात कुणीतरी कोथिंबीर पेरली होती.

कारखान्याच्या सभासदांना जाणाऱ्या वार्षिक सभेच्या नोटिसा दहा हजार. लेबलं दहा हजार, सगळी संपलेली. गठ्ठे हवे होते दोनशे. होते एकशे शहाण्णव, आणि चार सुटी पाकिटं.

"चार गठ्ठे गेले, चार पाकिटं मागं राहिली," आबा पुटपुटले. "म्हणजे चोर चार. प्रत्येकानं एकेक खूण सोडली."

"कशापायी?" रजियानं विचारलं.

"गर्व."

मी गठ्ठ्यांची पोती तराजूवर चढवली. पाकीट दहा ग्रॅमचं. पोत्यांचा भार वजा जाता आणि चार सुटी धरून भरले बरोबर शंभर किलो.

"आबा, माल सगळा इथंच आहे."

"काट्यावर मी सव्वीस वर्षं होतो, भिमाजी. काट्यावर विश्वास ठेवायला मला सांगू नकोस."

मी पोती उतरवून ठेवली.

मग आबांनी कारखान्याच्या निवडणुकीतल्या विरोधी पॅनेलवर संशय घेतला : सभासदांना सभेपासून लांब ठेवायचा डाव. तो ठरेपर्यंत त्यांना दारातली शेळी दिसली. पाकिटं चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ होती. आबांनी शेळीचं तोंड उघडून आत पाहिलं.

"गप्प आहे. सराईत दिसते."

"आबा, ती गाभण हाय, सोडा तिला," गठ्ठे बांधणाऱ्या मुक्ताबाई कडाडल्या. वय साठ, तीस वर्षं आठवडे बाजारात मेथीच्या जुड्या विकून, गुडघे गेल्यावर इथं बसल्या होत्या. मोजणी सगळी त्यांच्याकडे. त्यांच्यावर संशय घ्यायची आबांचीही छाती नव्हती.

अकराला साळवी मॅडम आल्या. आबांनी त्यांना चोर, पॅनेल आणि शेळी क्रमानं समजावलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं, समोरचा गठ्ठा सोडला आणि मोजला. दुसरा सोडला. मोजला.

"दोन्हींत एक्कावन्न आहेत."

"मग?" मुक्ताबाई म्हणाल्या. "पन्नास म्हनल्यावर वर एक नको का? नुसतं पन्नास दिल्यावर गिऱ्हाईक फिरून येतंय व्हय?"



"आजी, नियमानं ही चूक आहे. असा माल गेला, तर मला नापास लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "टपालाची खिडकी एक वाजता बंद होते. तोवर दुरुस्त होईल?"

"म्हंजी दिल्यालं काढून घ्यायचं?" मुक्ताबाईंनी हात मांडीखाली घेतले. "माझ्याच्यानं न्हाई व्हनार."

रजिया त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "मावशी, हितं वर एक दिला, तर अकरा चुली इझतील. घरी दारात मेथी मांडा, तितं द्या की. मी सोता तुमच्याकडनं घीन."

मुक्ताबाईंनी मांडीखालचे हात बाहेर काढले. मग त्यांनी पहिली दोरी सोडली.

एकशे शहाण्णव गठ्ठ्यांतून एकेक पाकीट निघालं. त्यांत चार सुटी मिळवली, दोनशे झाली. त्यांचे नेमके चार गठ्ठे. आबाही काढत होते. त्यांनी काढलेले गठ्ठे मी पुन्हा मोजत होतो. पावणेएकला पोती खिडकीवर पोचली.

महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं, आणि शेरा : 'मोजणीत ग्राहकाप्रती अतिरिक्त बांधिलकी, आवर घालावा.'

आबांनी लगेच नवी कार्डं छापली. 'एक्कावन्न यशस्वी केसेस.' एक मुक्ताबाईंना द्यायला गेलो. त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि मान डोलावली.

"बरुबर हाय. पन्नास त्येंच्या. वर एक माझी."