स्ट्रॉबेरीची भिंत

मॉरीन सग्डेनने कॅराव्हॅनच्या सिंकमध्ये एक पाय धुतला, तो बाहेर काढून दुसरा आत घातला आणि तशाच अवस्थेत नवऱ्याला निर्वाणीचं सांगून टाकलं.

"नाताळापर्यंत मला बाथटब दिसला नाही ना नेव्हिल, तर मी चालले व्हिटबीला, बहिणीकडे. पाहुणी म्हणून नाही. सगळं सामान घेऊन."

राहता बंगला विकून यॉर्कशरच्या डोंगरातलं हे जुनं चॅपल घ्यायची अक्कल नेव्हिलचीच. चॅपलचे चार फ्लॅट करायचे, तीन विकायचे, एकात आपण राहायचं. तोवर मुक्काम अंगणात, या चाकांवरच्या कॅराव्हॅनमध्ये. बेत झकास होता. फक्त चॅपल निघालं संरक्षित वास्तूंच्या यादीतलं. तिथे खिळा ठोकायचा तरी कौन्सिलची परवानगी हवी, आणि ती द्यायची की नाही हे मिस गॉसलिंगबाईंच्या हातात. बाई जुन्या इमारतींच्या अधिकारी. जुन्या दगडाशी त्या माणसापेक्षा जास्त मायेने बोलत.

त्यात शेजारी क्लिफर्ड ब्रॉडबेंट. दुष्काळात तेरावा महिना! फ्लॅट झाले तर माझ्या कोंबड्या बिथरतील, वटवाघळांची झोपमोड होईल, सुतार शीळ घालतो ती बेसूर असते, अशा हरकतींचा त्याने कौन्सिलवर पाऊस पाडला होता. त्याचं नाव काढलं तरी मिस गॉसलिंग डोळे मिटून घेत.

गुरुवारी बाई शेवटची पाहणी करायला येणार होत्या. मंगळवारी नेव्हिलला वाटलं, चॅपलसमोर ही कळकट कॅराव्हॅन बरी दिसत नाही, जरा मागे घ्यावी. त्याने ती मागे घेतली, आणि अंगणाच्या जुन्या भिंतीचा मधला भाग धाडकन खाली आला.

"लागलं का रे?" मॉरीन आतून ओरडली.

"मला नाही. भिंतीला."

भिंतही यादीतलीच होती. नेव्हिलने दिवसभर राबून ती परत रचली, पण काही दगडांचा पार भुगा झालेला. त्यांच्या जागी नवे घातले, तर ते काळ्याकुट्ट भिंतीत सोन्याच्या दातासारखे चमकायला लागले. आता त्या भागात शेंबडं पोरही सांगेल की नवा दगड जुना दिसायला हवा तर त्याला दही चोळावं. दह्यावर शेवाळ धरतं. नेव्हिलच्या बापाने आयुष्यभर अंगणातल्या कुंड्यांना दही चोळलं होतं.

"अरे, पण शेवाळ यायला वर्ष लागतं," मॉरीन म्हणाली.

"मग दही जास्त चोळू."

गावातल्या दुकानातलं साधं दही नव्या दगडांवरच संपलं. तेवढाच पट्टा पांढरा दिसायला लागला, म्हणून सगळी भिंत सारखी करणं आलं. दुकानात उरलं होतं फक्त स्ट्रॉबेरीचं. नेव्हिलने ते सगळं उचललं आणि अंधार पडेपर्यंत हात चालवला. घाईघाईत वीतभर दही क्लिफर्डच्या भिंतीवरही गेलं, कारण भिंत एकच होती, मालक तेवढे दोन.

गुरुवारी सकाळी ऊन पडलं आणि भिंत गुलाबी दिसली. साधीसुधी नाही, बाळंतविड्यातल्या झबल्यासारखी गुलाबी. शेवाळाचा पत्ता नव्हता. गावातली मांजरं मात्र ओळीने बसून भिंत चाटत होती.

मिस गॉसलिंग गाडीतून उतरल्या आणि जागीच थिजल्या. मग हळूच पुढे झाल्या, मांजरं बाजूला सारली, नखाने पापुद्रा खरवडला.

"मिस्टर सग्डेन, हे मागच्या खेपेला कसं नाही दिसलं मला?"

"वेली होत्या बाई," नेव्हिलच्या तोंडून कसंबसं निघालं.

"दुधाचा रंग! पूर्वी दुधात माती कालवून भिंती रंगवायचे. मी नुसतं वाचलं होतं हो!" बाईंनी भिंतीवरून मायेने हात फिरवला.

इतक्यात भिंतीपलीकडून क्लिफर्डचं डोकं वर आलं. "दही आहे ते! स्ट्रॉबेरीचं! मी स्वतः चाटून बघितलंय!"

मिस गॉसलिंगनी डोळे मिटले. "मिस्टर ब्रॉडबेंट, गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, चॅपलमध्ये पाणघोडा शिरलाय."

"सावली तशी दिसली हो!"

मॉरीनने नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. बाथटब कितीही हवा असला तरी खोटं तिला खपत नसे. "खरं सांग," ती कुजबुजली.

नेव्हिल पुढे झाला. "बाई, क्लिफर्ड खरं बोलतोय. दहीच आहे ते. मी लावलंय."

मिस गॉसलिंग पोट धरधरून हसल्या. "शेजाऱ्याची काय हुबेहूब नक्कल करता हो! पण नको, बिचाऱ्याला वाईट वाटेल." आणि खरवडलेला पापुद्रा त्यांनी जपून डबीत घातला.

तपासणीचा निकाल आला: दूध, निःसंशय दूध. त्यात कसल्याशा फळाच्या बिया. बाईंनी शेरा मारला, जुने कारागीर किती कल्पक! फ्लॅटना परवानगी मिळाली, एका अटीवर. संपूर्ण भिंत दर वसंतात त्याच मिश्रणाने, त्याच रंगात रंगवायची, आणि बाई जातीने बघायला येणार.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मॉरीन नव्या बाथटबमध्ये गळ्यापर्यंत गरम पाण्यात बुडून बसली. ती इतकी सुखावली होती की कॅरलगीत म्हणता म्हणता तिला रडूच आलं. बाहेर दार वाजलं. दारात क्लिफर्ड, हातात टोपी, चेहरा पडलेला.

"कौन्सिलचा माणूस आला होता," तो म्हणाला. "भिंत एकच म्हणे. माझ्याकडची बाजूही रंगवायची. साठ फूट."

"अरेरे," नेव्हिल म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं. जरा वेळ.

क्लिफर्डने टोपी फिरवली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नेव्हिल, ते... कुठल्या दुकानातलं होतं रे?"

नेव्हिल उत्तर देणार, तेवढ्यात न्हाणीघरातून पाण्याच्या खळखळाटासकट मॉरीनचा आवाज आला.

"सांग त्याला, कोपऱ्यावरच्या! आणि म्हणावं, दुकानदाराला आत्ताच सांगून ठेव. वसंतात आपल्यालाही लागणार आहे!"